रस्ता कुणाच्या नावावर?

दोन वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावरच्या रहिवाशांची आणि दुकानदारांची एक सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली होती. विषय एकच होता. दोन्ही बाजूंचे पदपथ रुंद करण्याचा आराखडा आला होता आणि त्यापायी एका बाजूचं पार्किंग जाणार होतं. सभेला पन्नासएक माणसं होती. प्रत्येकाच्या हातात किल्ली, कुणाच्या मांडीवर हेल्मेट. चार पुस्तकं नावावर असल्यामुळे अशा ठिकाणी मला बोलायला उभं करतात. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ''आधी गाड्या लावायची सोय करा, मग पदपथाचं बघू.'' टाळ्या पडल्या. माझ्यानंतर बोलणाऱ्या तिघांनी तेच वाक्य वापरलं. निवेदनावर सह्या झाल्या आणि आराखडा बारगळला.

घरी आलो तेव्हा बायको भाजी निवडत होती. म्हणाली, ''भाषण छान झालं म्हणे. पण अहो, या रस्त्यानं तुम्ही शेवटचं पायी कधी गेला होतात?''

मला आठवेना.

माझी पिढी पुण्यात सायकलवर वाढली. सायकलला दिवा नाही किंवा डबलसीट बसलात म्हणून पोलिसानं चौकात अडवण्याचे ते दिवस. पावती फाडण्यापेक्षा हातात सायकल धरून चालत जाणं परवडायचं. मी १९८२ साली बँकेत लागलो तेव्हा स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघत असत. पुढे कर्जाच्या टेबलावर माझी बदली झाली आणि बघता बघता काळ पालटला. शिक्षिका, कंपाउंडर, नुकतं लग्न झालेली जोडपी येत आणि दुचाकीच्या कर्जाचा अर्ज भरून देत. मी हौसेनं सह्या केल्या. त्या सह्यांची मला आजही लाज वाटत नाही. बसची खात्री नसलेल्या शहरात दुचाकीनं कित्येक मुलींना नोकरीपर्यंत नेलं, रात्री दहाला कुणाची वाट न बघता घरी आणलं. तिला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल.

पण हिशेबाचा माणूस म्हणून एक गोष्ट मी विसरलो होतो. प्रत्येक कर्जाबरोबर एक गाडी रस्त्यावर येत होती आणि रस्ता मात्र तेवढाच राहिला होता. मार्च २०१८ अखेर पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या वर गेली. शहराच्या लोकसंख्येलाही तिनं मागे टाकलं, अशा बातम्या तेव्हा आपण सगळ्यांनी वाचल्या आणि अर्धवट कौतुकानं एकमेकांना सांगितल्या. एवढ्या गाड्या मावल्या कुठे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्या चालणाऱ्यांच्या जागेत मावल्या.

सभेनंतर चार महिन्यांनी आमच्या तळमजल्यावरच्या काकूंना अपघात झाला. वय एकोणऐंशी. रोज संध्याकाळी त्या गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन येत. पदपथावर स्कूटर लावलेल्या होत्या म्हणून त्या खाली उतरल्या आणि उलट्या दिशेनं आलेल्या मोटरसायकलचा धक्का लागून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. धक्का देणारा मुलगा जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचा, पाठीवर घरपोच सामानाची भली मोठी पिशवी. तो पळून गेला नाही. ''आजी, उठू नका, मी रिक्षा आणतो,'' म्हणत त्यानंच रिक्षा थांबवली आणि दवाखान्याबाहेर तासभर रडवेला होऊन बसून राहिला. वळसा घालून आलो असतो तर सामान पोचवायला उशीर झाला असता, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी त्याच्यावर ओरडायच्या तयारीनं गेलो होतो, ते जमलं नाही. पदपथावर उभ्या असलेल्या स्कूटरींपैकी एक माझी होती.

काकू वाचल्या. वॉकर घेऊन घरात चालतात. पण देवळात जाणं संपलं. अपघातांच्या आकडेवारीत त्या फार तर 'जखमी' म्हणून एका ओळीत असतील. संध्याकाळी त्या खिडकीशी बसतात आणि रस्त्याकडे बघतात, याची नोंद ठेवणारा रकाना कुठल्याही तक्त्यात नाही.

मग एका रविवारी मी बायकोबरोबर मंडईपर्यंत पायी निघालो. अंतर म्हणाल तर सहाशे पावलं. बँकेतली सवय म्हणून बारीक टिपण करत गेलो. एवढ्या अंतरात आम्हांला पदपथ सोडून अकरा वेळा रस्त्यावर उतरावं लागलं. सात वेळा उभ्या गाड्यांमुळे, दोनदा दुकानाच्या पुढे आलेल्या मालामुळे, एकदा विजेच्या पेटीमुळे आणि एकदा एका सोसायटीनं गाड्या आत घेण्यासाठी केलेल्या उतारामुळे. ती सोसायटी आमचीच. काही ठिकाणी पदपथाची उंची फूटभर. गुडघे दुखणाऱ्या बाईनं ती अकरा वेळा चढावी-उतरावी कशी? त्यामुळे ती खालूनच चालते. आणि आपण गाडीवरून जाताना म्हणतो, ''या लोकांना पदपथ बांधून दिले तरी रस्त्यावरूनच चालायचं असतं!''

भारतीय रस्ते परिषदेनं २०१२ साली पादचाऱ्यांसाठी जे निकष प्रसिद्ध केले त्यांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं सांगितलेलं आहे. म्हणजे घरातल्या जिन्याची एक पायरी. पुणे महापालिकेनंही २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं योग्य पदपथ मिळणं हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. कागद आपल्याकडे कधीच कमी नव्हते. कागद आणि रस्ता यांच्यामध्ये शाळेतल्या हॉलमधली आमची सभा असते. आराखडे तिथे अडतात.

आता त्या सभेतली बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण तिथे बसलेली माणसं दुष्ट नव्हती. कापड दुकानदाराचं म्हणणं, समोर गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल. फळविक्रेत्या बाईला भीती, पदपथ नवा झाला की सगळ्यांत आधी तिची गाडी उचलली जाईल. रिक्षावाल्यांना त्यांच्या स्टँडची काळजी. आणि सगळ्यांनाच रुग्णवाहिका आत येईल का याची शंका. यांतली एकही अडचण खोटी नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ साली कायदा झाला आहे; त्या बाईची जागा आराखड्यात आखूनच द्यायला हवी. माल उतरवायला सकाळचे दोन तास राखता येतात. पण दुकानदारानं एवढं मोजून बघावं, की दारात दिवसभर उभ्या असलेल्या आठ गाड्यांपैकी गिऱ्हाइकांच्या किती आणि स्वतःच्या व नोकरांच्या किती. आमच्या रस्त्यावर मी एका शनिवारी मोजलं. आठांतल्या पाच दुकानांतल्याच माणसांच्या होत्या.

दुसरा मुद्दा वेगाचा. रस्ता अरुंद झाला, वेग कमी झाला तर वेळ जाईल, असं म्हणतात. हा हिशेब पाटीवर मांडण्याजोगा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगानं एक किलोमीटर जायला ७२ सेकंद लागतात. ताशी ३० नं १२० सेकंद. फरक अठ्ठेचाळीस सेकंदांचा, आणि तोसुद्धा वाटेत सिग्नल लागला नाही तर. आता दुसरी बाजू बघा. समोर अचानक मूल आलं, तर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ३० च्या वेगातली गाडी त्या सेकंदात आठ मीटर जाते आणि पुढच्या पाचएक मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगातली गाडी त्या एका सेकंदातच चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागायचाच असतो. अठ्ठेचाळीस सेकंदांच्या बदल्यात आपण काय गहाण ठेवतो ते यावरून कळतं.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. दोन्ही मिळून शंभरांतली चौसष्ट. पत्र्याच्या आडोशाबाहेर असलेली ही माणसं. तेव्हा 'पादचारी विरुद्ध दुचाकीस्वार' असं जे भांडण आपण सभेत लावतो, ते मुळात चुकीच्या दोघांत लावतो. मरणाच्या यादीत दोघं शेजारी शेजारी आहेत. शिवाय ती दोघं बहुधा एकाच घरातली असतात.

पुण्यानं या बाबतीत काही करून पाहिलं नाही असं नाही. २००६ साली बससाठी स्वतंत्र मार्गिकेचा प्रयोग कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशात सुरुवातीला केला तो याच शहरानं. त्याचं पुढे काय झालं ते आपण जाणतो. बसथांब्यापर्यंत सुखरूप पोचायचं कसं, याचा विचार मार्गिकेइतका झाला नाही, असं मला वाटतं. जंगली महाराज रस्त्याचे पदपथ २०१६-१७ मध्ये रुंद व्हायला लागले तेव्हा मीसुद्धा 'पैशांचा चुराडा' म्हटलं होतं. आज तिथल्या बाकांवर म्हातारी माणसं बसलेली दिसतात, लहान मुलं बोट सोडून पळतात. मुलाचं बोट सोडता येणं ही चैन शहरात किती दुर्मिळ झाली आहे! आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. ज्या रस्त्यावर आपण अंग चोरून चालतो त्याच्या मधोमध लोक गप्पा मारत उभे होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींचे वरचे मजले मी त्या दिवशी प्रथमच मान वर करून पाहिले.

कुणी म्हणेल, हे युरोपात ठीक आहे. पण युरोपही असा जन्मला नव्हता. सायकलींचा देश म्हणून आपण ज्या नेदरलँड्सचं कौतुक करतो, तिथे १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबापांनी 'मुलांची हत्या थांबवा' असं म्हणत चळवळ उभारली, मुलं रस्त्यात बसली. त्यानंतर सरकारं हलली, रस्ते बदलले. तिथेही दुकानदारांनी विरोध केला आणि तिथेही पार्किंगवरूनच भांडणं झाली. म्हणजे आपल्या हॉलमध्ये जे झालं ते जगावेगळं काही नव्हतं. फक्त त्या लोकांनी एका सभेत विषय संपवला नाही.

माझ्या मते आपली चूक वाद घालण्यात नाही. वादाला कोण बसतं, त्यात आहे. आमच्या त्या सभेत काकू नव्हत्या, कारण हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या, रोज आठ-दहा किलोमीटर पायपीट करणाऱ्या बाया नव्हत्या, कारण सभा त्यांच्या कामाच्या वेळेला होती. ज्या शाळेत सभा भरली, त्या शाळेतली मुलं नव्हती. रस्त्याचं सर्वाधिक देणं ज्यांचं निघतं ते गैरहजर आणि उचल घेणारे सगळे हजर, अशी ती सभा. बँकेत असा ठराव आला असता तर कोरम नाही म्हणून मी तो परत पाठवला असता.

येत्या महिन्यात पुन्हा सभा आहे. आराखडा नव्यानं आला आहे. या वेळी ती तळमजल्यावर आणि रविवारी दुपारी ठेवायचं मी मागून घेतलं आहे. सभेआधी सगळ्यांनी मिळून मंडईपर्यंत सहाशे पावलं चालायची, अशी अटही घातली आहे. कायमचं काही तोडफोड करण्याआधी महिनाभर चुन्याच्या रेघा आणि कुंड्या ठेवून नवी मांडणी करून बघावी, अडचणी लिहून काढाव्यात आणि मग ठरवावं, असं मी सुचवणार आहे. दुकानदाराचं ऐकावं, फळवालीचंही ऐकावं.

त्याआधी मात्र मला उभं राहून एक वाक्य मागे घ्यायचं आहे. टाळ्या पडणार नाहीत, हे ठाऊक आहे. स्कूटर मी आता सोसायटीच्या आत, मागच्या अंगणात लावतो. काढायला पाच मिनिटं जास्त लागतात. काकूंनी परवा खिडकीतून विचारलं, ''सभा कधी आहे? मला खुर्ची मिळेल का तिथे?''

पहिल्या रांगेतली राखून ठेवली आहे.