दवाखान्यांतील झाडू कोणाच्या हातीं?

मारेगांव तालुक्यांतील कापूस वेंचणाऱ्या घरांतून आतां दवाखान्याची मजुरीहि निघाली आहे. कोरडवाहूवर भागत नाहीं, सुतार-लोहाराच्या कामाला पूर्वींची मागणी नाहीं, म्हणून घरांतली लेक किंवा सून यवतमाळ-नागपूरकडील एखाद्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत कामाला जाते. गांवांत सांगतात, पोरगी सरकारी नोकरींत लागली. ऐकणाऱ्याला वाटतें, घराचें कल्याण झालें! पण ती सरकारची नोकर नसतेच, ठेकेदाराची असते. दवाखाना सरकारचा, रोगी सरकारच्या वहींतले, घाणहि सरकारची. ती उचलणारे हात तेवढे दुसऱ्याचे.

अशा कामकऱ्यांच्या तोंडून जें ऐकूं येतें तें सर्वत्र एकाच मासल्याचें आहे. पगार दोन-दोन महिने निघत नाहीं. डॉक्टरसाहेबांस विचारावें तर ते म्हणतात ठेकेदारास विचारा. ठेकेदाराचा मुकादम म्हणतो वरून बिल पास झालें नाहीं. आजारी पडलें कीं हजेरी कापली. रात्रपाळींत दोघांनीं चार वॉर्ड सांभाळावयाचे, रोगी उचलून एक्सरेला न्यावयाचा, मेलेला शवागारांत पोंचवावयाचा, आणि सकाळीं फरशी ओली राहिली म्हणून बोलणीं खावयाचीं. रबरी हातमोजे फाटले तर नवे केव्हां मिळतील याचा नेम नाहीं. कचऱ्यांत टोंचून घेतलेली सुई कोणाची, त्या रोग्याला काय होतें, हें सांगावयास कोणी थांबत नाहीं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास कावीळ-बी आणि धनुर्वात यांची लस दवाखान्यानें दिली पाहिजे. ठेकेदाराच्या किती माणसांच्या दंडावर ती सुई टोंचली गेली, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचारून पाहावें.

ह्या कामाची किंमत आपल्या जिल्ह्यानें एकदां डोळ्यांनीं पाहिली आहे. २०१७ च्या हंगामांत कपाशीवर औषध फवारतांना यवतमाळ जिल्ह्यांत शेंकडों शेतकरी व शेतमजुरांस विषबाधा झाली आणि वीसांहून अधिक माणसें मेलीं. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय रुग्णालयांत खाटा भरून गेल्या. कित्येक रोगी भ्रमांत हातपाय झाडीत, म्हणून त्यांस खाटेस बांधून ठेवावें लागलें. अशा विषबाधेंत भिजलेले कपडे उतरवून अंग धुणें हा उपचाराचा पहिला भाग असतो, आणि तो औषधाच्या बाटलीइतकाच महत्त्वाचा आहे. हें धुणें-पुसणें कोणत्याहि दवाखान्यांत परिचारिकेच्या आणि खालच्या नोकराच्याच वाट्यास येतें. त्या वर्षीं चर्चा झाली ती औषधकंपन्यांची व मंत्र्यांच्या भेटींची. ती व्हावयास हवीच होती. पण ज्यांनीं तीं अंगें धुतलीं त्यांच्या बद्दल कोणी अवाक्षर काढलें नाहीं.

आतां नांदेडची गोष्ट घ्या. तेथील शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयांत २०२३ च्या सप्टेंबरअखेर चोवीस तासांत २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बालकें होतीं. मग एक खासदार तेथें गेले. संडास घाण दिसला. त्यांनीं प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातीं झाडू देऊन सर्वांदेखत तो साफ करविला. पुढें खासदारांवर गुन्हा नोंदला गेला. त्याचें काय तें न्यायालय पाहील. आमचें म्हणणें निराळें आहे. झाडू हातीं देणें ही शिक्षा कां ठरली? झाडू धरणें म्हणजे माणसाची बेअब्रू, अशी समजूत देणाऱ्याची होती, घेणाऱ्याची होती आणि बघ्यांचीहि होती म्हणून! जी गोष्ट अधिष्ठात्यास दोन मिनिटें केल्यानें अपमान झाली, ती महिनाभर रोज करणाऱ्या बाईचें काय होत असेल? आणि ह्या दवाखान्यांत सफाईगारांच्या जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या कधींपासून, हा साधा प्रश्न तेथें कोणी विचारल्याचें आमच्या कानीं नाहीं. झाडणारा ठेवावयाचा नाहीं आणि घाण दिसली कीं संतापावयाचें, हा मोठा सोयीचा धंदा आहे.

पूर्वीं मैल्याची पाटी धर्माच्या नांवावर एका जातीच्या डोक्यावर बसविली होती. आज ठेकेदार जात विचारीत नाहीं, फक्त गरज विचारतो. त्यामुळें झाडूला आतां मांग, महार, गोंड, कोलाम, तेली, कुणबी सर्वांचीं मुलें लागलीं आहेत. पण मजुरीचा दर मात्र त्या जुन्या विटाळाच्या हिशेबानेंच ठरतो. काम हलकें ठरविलें कीं दाम हलका देतां येतो, आणि हें गणित मांडणारे लोक आपल्यापेक्षां पुष्कळ शिकलेले आहेत.

शिकलेल्यांची ओरड कशी ऐकली जाते तेंहि पाहा. ठेक्यानें भरती नको म्हणून २०२२ च्या मे महिन्यांत परिचारिकांनीं राज्यभर संप केला. २०२३ मध्यें सरकारनें अनेक पदें खासगी कंपन्यांमार्फत भरण्याचा निर्णय काढला, तेव्हां तरुणांनीं इतका गहजब केला कीं ऑक्टोबरांत तो मागें घ्यावा लागला. फार चांगलें झालें. परंतु सफाईचें काम ठेक्यानें देण्याची चाल त्यापूर्वींची आहे. ती जशीच्या तशी राहिली.

सत्यशोधक चळवळीला हा विषय परका नाहीं. रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांनीं 'दीनबंधु' चालविला आणि गिरणीकामगारांना १८९० सालीं रविवारची सुटी मिळवून दिली. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतांना ९ फेब्रुवारीला ते गेले. महिनाभरानें १० मार्चला सावित्रीबाई फुले त्याच रोगानें त्याच कामांत गेल्या. आमच्या वडीलधाऱ्यांनीं रोग्याची घाण काढणें हलकें मानलें नाहीं. त्यांच्या तसबिरीस हार घालणाऱ्यांनीं दवाखान्यांत जाऊन "ए झाडूवाली" म्हणून हांक मारावी, हें मात्र रोज घडतें, आणि पुष्कळदां आपल्याच माणसांकडून घडतें. रोगी दगावला कीं पहिला हात उगारला जातो तोहि जवळ उभ्या असलेल्या गरीबावरच.

कायदा अगदींच मुका नाहीं. ठेकेदारानें पगार थकविला तर मूळ मालकानें तो द्यावा व ठेकेदाराकडून वसूल करावा, ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें घातली होती. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २०२५ च्या नोव्हेंबरांत अमलांत आली, तिनेंहि ती जबाबदारी काढलेली नाहीं. सरकारी कार्यालयांत ठेक्यानें लावलेल्या मजुरांसहि ती लागू आहे. नेमणुकीचें पत्र देणें त्याच संहितेनें सक्तीचें केलें आहे. म्हणजे "बिल पास झालें नाहीं" हें उत्तर मुकादमानें दिलें तरी दवाखान्याच्या अधिकाऱ्याला तें देतां येत नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरचें माणूस अशा कामावर आहे त्यांनीं येत्या पगाराला नेमणुकीचें पत्र, हजेरीची नोंद आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक हीं तीन कागदपत्रें मागावीं. एकट्यानें मागूं नये, पाळींतल्या दहा जणांनीं मिळून लेखी मागावीं आणि पोंच घ्यावी. मतें मागावयास जो उमेदवार मारेगांवांत येईल त्यास रस्त्याबरोबर एवढेंहि विचारावें, कीं जिल्ह्याच्या दवाखान्यांतील सफाईगारांच्या कायम जागा तुम्ही केव्हां भरणार?