गारगोटीचे पीठ आणि कायद्याची मोजदाद

गारगोटी हा तसा निरुपद्रवी दगड. तो माणसाच्या जिवावर उठतो तो त्याचे पीठ झाल्यावर. काच, चिनी मातीची भांडी, ओतकाम अशा उद्योगांना हे पीठ हवे असते आणि ते दळून देणारे कारखाने गुजरातेत गोध्रा परिसरात उभे राहिले. तेथे मजुरीस गेले ते मध्य प्रदेशातील झाबुआ, धार व अलीराजपूर भागांतील भिल्ल व भिलाला आदिवासी. पाऊसकाळ सरला की शेतात काम नाही आणि डोक्यावर कर्ज आहे, अशा माणसाला गिरणीत कशाचे पीठ पडते हे विचारण्याची सवड नसते. काही महिने, फार तर दोन-चार वर्षे काम करून ही माणसे गावी परतली, ती धाप लागलेल्या अवस्थेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस गुजरात सरकारला केली. सर्वोच्च न्यायालयात २००६ पासून प्रलंबित असलेल्या याचिकेत हीच रक्कम देण्याचा आदेश झाला तो मे २०१६ मध्ये. एकूण रक्कम ७ कोटी १४ लाख रुपये. ती सरकारी तिजोरीवर पडली, म्हणजे गिरणीचा खर्च जनतेने भरला.

या मृत्यूंना नशीब किंवा रोगराई म्हणण्याची चाल आहे. ती टिकत नाही, कारण येथे कारण व परिणाम यांची साखळी अगदी उघडी आहे. दगड प्रथम क्रशरमध्ये फुटतो, मग फिरत्या पिंपाच्या आकाराच्या बॉल मिलमध्ये किंवा पल्व्हरायझरमध्ये दळला जातो, चाळला जातो आणि पोत्यांत भरला जातो. दगड टाकण्याच्या तोंडाशी, चाळणीवर, आणि सर्वांत अधिक पोते भरताना धूळ उडते. डोळ्यांना दिसणारी धूळ खोकल्यावाटे बऱ्याच अंशी बाहेर पडते. मारक असते ती न दिसणारी, दहा मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या कितीतरी पट लहान. ती फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचते. नुकत्याच फुटलेल्या कणाची धार अधिक विखारी असते, म्हणून खाणीपेक्षा गिरणी लवकर मारते. तोंडाला बांधलेल्या फडक्याचा येथे काही उपयोग नाही. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. क्ष-किरण चित्रात तो क्षयासारखा दिसतो. पुष्कळांना क्षयाची औषधे देत राहण्यातच शेवटचे महिने निघून जातात, आणि मृत्यूच्या नोंदीत गिरणीचा उल्लेखही येत नाही.

उपाय मात्र जुने व साधे आहेत. यंत्र बंदिस्त करणे, धूळ उगमापाशीच शोषून घेणे, शक्य तेथे ओले दळणे, पोती यंत्राने भरणे. ओल्या दळणात पीठ पुन्हा वाळवावे लागते आणि शोषक पंख्याला वीज लागते. प्रश्न आहे तो इतकाच. हा खर्च टाळला की पिठाचा भाव उतरतो, आणि काच कारखानदार स्वस्त पीठ घेतो. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खाजगी उद्योगाच्या सामाजिक परिव्ययावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गोध्र्याच्या पिठाचा भाव हा त्या सिद्धांताचा धडधडीत दाखला ठरावा: हिशेबाच्या वहीत न लिहिलेला खर्च मजुराच्या छातीत जमा झाला.

मग कायदा काय करतो? तो माणसे मोजतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा कामगारांची मर्यादा होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ‘कारखाना’ ठरण्यासाठी ती वीसवर नेली. धोक्याच्या कामांना संख्येची अट न लावण्याची तरतूद संहितेत आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण ती अधिसूचनेवर अवलंबून आहे. जुन्या कायद्याच्या कलम ८५ मध्येही राज्यांना अशी मुभा होतीच, आणि तिच्या असण्याने ही माणसे वाचली नाहीत. दगड दळणाऱ्या एका गिरणीला मोजकेच हात लागतात. हजेरीपटावर तर त्याहूनही कमी. वस्तुतः आठ माणसांच्या गिरणीतली धूळ ऐंशी माणसांच्या गिरणीतल्या धुळीहून सौम्य नसते. मोजायचे ते यंत्र मोजले पाहिजे. गारगोटी कोरडी दळणारे यंत्र जेथे एक असेल तेथे, कामगार एक असो की शंभर, संरक्षण लागू व्हावे. धूळशोषक बसवल्याखेरीज वीजजोडणी मिळू नये. आणि पीठ विकत घेणाऱ्या मोठ्या कारखान्यास भरपाईत वाटेकरी धरावे. शेवटच्या मागणीला उद्योगपती सर्वाधिक विरोध करतील, कारण सर्वाधिक परिणाम तिचाच होईल.

कामगारांनी स्वतःच सावध राहावे, असा उपदेश करणाऱ्यांनी शेफील्डची हकीगत वाचावी. सुऱ्या-काट्यांना दगडावर धार लावणाऱ्या तेथील कामगारांविषयी एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात एका डॉक्टरची निरीक्षणे दिली आहेत. कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षे, ओल्यावरच्यांचे क्वचितच पंचेचाळीसहून अधिक. दारुडे त्यांतल्या त्यांत अधिक जगत, कारण ते कामाला वारंवार दांडी मारत! धूळ रोखणारी साधने निघाली तेव्हा काही ठिकाणी कामगारांनीच ती मोडली. धंदा निर्धोक झाला तर माणसे वाढतील आणि मजुरी पडेल, ही धास्ती. भुकेची सौदेबाजी ही अशी असते.

सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील देखरेख हरित न्यायाधिकरण व मानवी हक्क आयोग यांच्याकडे सोपवली आहे. पण भरपाई मागताना पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा: हा मनुष्य कोणत्या गिरणीत होता? त्याच्याकडे ना हजेरीचे कार्ड, ना पगाराची पावती. नर्मदेच्या पलीकडे अलीराजपूर, अलीकडे आपला नंदुरबार. दोन्ही काठांवरची माणसे मजुरीसाठी गुजरातेतच उतरतात. त्या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी दसऱ्यानंतर गाव सोडणाऱ्या प्रत्येकाचे नाव, मुकादमाचे नाव, कामाचे ठिकाण व यंत्राचा प्रकार एका वहीत लिहून ठेवावा, आणि परत आलेल्याची छाती तपासून घेताना ‘दगडाच्या पिठाचे काम केले’ हे शब्द केसपेपरवर डॉक्टरांकडून लिहवून घ्यावेत.