बंद कळफलक आणि मालकीचा प्रश्न

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयातील एका लॅपटॉपचा कळफलक बंद पडला. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या मुदतीला दोन दिवस उरले होते आणि अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या दोन विद्यार्थिनी त्या यंत्रापुढे बसून होत्या. पडदा उजळत होता, बाण हलत होता. पण परवलीचा शब्द टंकू गेले की एकही अक्षर उमटेना. हे यंत्र लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालते एवढे कळताच जमलेल्या मंडळींनी निकाल देऊन टाकला. शहरातील एका सर्व्हिस सेंटरने यंत्र तपासण्यापूर्वीच सांगितले, "लिनक्स टाकले आहे ना, मग हे होणारच. मूळ प्रणाली विकत घ्या, नाहीतर वरचा सगळा भाग बदलावा लागेल." खर्चाचा आकडा त्या यंत्राच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. आणि ज्यांनी आयुष्यभर मक्तेदारीविरुद्ध भाषणे केली असे आमचे एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "सर, फुकटाच्या वस्तूचे असेच असते."

सर्व्हिस सेंटरच्या उत्तराचे मला आश्चर्य वाटले नाही. ज्याचा चरितार्थ सुटे भाग विकण्यावर चालतो, तो सुटे भाग विकणारच. कार्यकर्त्याचे वाक्य मात्र मनातून जाईना. ते अज्ञानातून आलेले नव्हते. ते बाजाराने शिकविलेले होते. जी वस्तू विकत घेता येत नाही ती वस्तूच नव्हे, हा भांडवलशाहीचा पाठ आपल्याच माणसाच्या तोंडून आपल्याला ऐकू येत होता. म्हणून हे उत्तर.

एक आक्षेप आधीच निकालात काढतो. समाजवादी विचाराच्या पानावर कळफलकाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. १९२४ साली याच नगर शहरात जन्मलेले मधू दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर दोन इंचांचा फोम घातला. क्रांतीच्या ग्रंथांत त्या फोमला जागा नसेल. पण रात्रभर प्रवास करणाऱ्या मजुराच्या पाठीला तो आजही ठाऊक आहे. आज शेतकऱ्याचा पीकविमा, विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती, मजुराची नोंदणी हे सारे कळफलकावरून जाते. तो मुका झाला की नागरिक मुका होतो. तेव्हा हा विषय क्षुल्लक नाही.

आता मुद्द्याकडे. कळफलक बंद पडला, एवढ्यावरून काय सिद्ध होते? काहीही नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले, तेव्हापासून प्रवरेच्या कालव्यावरील शेतकऱ्याला एक तर्कशास्त्र अंगवळणी पडले आहे. आवर्तनाच्या दिवशी शेतात पाणी आले नाही तर तो धरण फुटल्याची आवई उठवीत नाही. तो आधी कालवा पाहतो, मग चारी पाहतो, मग आपले दार पाहतो. पाणी नेमके कोठवर आले आणि कोठे अडले, हे शोधतो. कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंतचा मार्ग असाच आहे. कळ, तिच्याखालची पातळ पट्टी, त्या पट्टीला जोडलेला नियंत्रक, नियंत्रकाचे म्हणणे ऐकणारे प्रणालीचे गाभातंत्र म्हणजे कर्नेल, त्यावरचा डेस्कटॉप आणि शेवटी आपला अर्ज. अडथळा यांपैकी कोठेही असू शकतो.

आम्ही तेच केले. पहिली गोष्ट, शेजारच्या कार्यालयातून एक साधा यूएसबी कळफलक आणून जोडला. तो चालला. विद्यार्थिनींचे अर्ज त्याच दुपारी भरून झाले, आणि एक शास्त्रीय निष्कर्षही हाती आला: वरचा मार्ग, म्हणजे डेस्कटॉप आणि त्यापुढचे सारे, शाबूत आहे. कळ बराच वेळ दाबून धरल्याशिवाय दखल न घेणारी 'संथ कळा' नावाची एक सोय असते, ती चुकून सुरू झाली असावी ही शंकाही येथेच मिटली. ती असती तर बाहेरचा कळफलकही अडला असता. संध्याकाळी बाहेरचा कळफलक काढून यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि प्रणाली चालू होण्यापूर्वी येणाऱ्या ग्रब नावाच्या निवडपत्रावर थांबलो. तेथे लॅपटॉपच्या स्वतःच्या बाणकळांनी ओळ खालीवर सरकली. संपादनाची चौकट उघडून अक्षरे दाबली, तीही उमटली. म्हणजे कळा शाबूत, पट्टी शाबूत, नियंत्रक शाबूत. ज्या वरच्या भागाच्या बदलासाठी आमच्याकडे हजारो रुपये मागितले जात होते, त्यात काडीचाही दोष नव्हता!

उरली एकच जागा: यंत्राचा नियंत्रक आणि कर्नेल यांच्यामधला सांधा. चार दिवसांपूर्वी प्रणाली अद्ययावत झाली होती. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत अद्ययावत करताना आधीचे कर्नेल पुसले जात नाही. ग्रबच्या प्रगत पर्यायांत ते शिल्लक असते. ते निवडले आणि कळफलक बोलू लागला. खर्च शून्य. वेळ पाऊण तास. त्यातली वीस मिनिटे माझ्या चष्म्याच्या शोधात गेली.

येथे विजयाचा नगारा वाजविण्याचे कारण नाही. जुने कर्नेल कायमचे वापरणे हा उपचार नव्हे, कारण नव्या कर्नेलमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. प्रारंभीच्या आज्ञेत नियंत्रकाला नव्याने सज्ज करणारा एखादा शब्द जोडून पाहणे, कर्नेलची नोंदवही वाचून नियंत्रकाविषयीची ओळ शोधणे, आणि यंत्राचे अचूक नाव व नोंद देऊन दोष कळविणे ही पुढची कामे आहेत. ती आम्ही करीत आहोत. मुद्दा असा की ती करता येतात. दोष आमच्यापासून लपवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

असा दोष उद्भवतो तरी का? बऱ्याच लॅपटॉपांत आतला कळफलक अजूनही चार दशकांपूर्वीच्या पद्धतीने यंत्राला हाक मारतो, आणि ती हाक कशी ऐकायची याची माहिती उत्पादकाने यंत्रात भरलेल्या कोष्टकांत असते. ही कोष्टके मुख्यतः एकाच मक्तेदार प्रणालीवर तपासून बाजारात येतात. २०२२ साली काही नव्या प्रोसेसरांच्या लॅपटॉपांवर हीच अडचण उभी राहिली: कळफलक ग्रबमध्ये चाले, लिनक्समध्ये मुका होई. कर्नेलच्या लेखकांनी एक दुरुस्ती केली. तिने काही यंत्रे बोलू लागली आणि दुसरी काही बंद पडली. मग मॉडेलनिहाय अपवादांची यादी करावी लागली. कोठल्यातरी गावातला वापरकर्ता आपल्या यंत्राचे नाव कळवी, यादीत एक ओळ वाढे, आणि त्या मॉडेलच्या जगभरच्या सर्व धारकांचा कळफलक पुढच्या आवृत्तीत सुरू होई. ही यादी आजही कोणालाही वाचता येते. मुक्त प्रणाली चुकत नाही असे मी म्हणत नाही. ती चुकते, पण चौकात चुकते, आणि चौकातच सुधारते. बंद प्रणालीतील चूक मात्र मालकाच्या तिजोरीत राहते.

हा फरक भावनेचा नाही, अर्थशास्त्राचा आहे. टिकाऊ वस्तू विकणाऱ्या मक्तेदाराची अडचण रोनाल्ड कोझ यांनी १९७२ साली मांडली: त्याने आज विकलेली वस्तूच उद्या त्याच्या नव्या मालाशी स्पर्धा करते. व्यवहारात यावरचा एक उपाय म्हणजे वस्तू टिकूच न देणे. १९२४ साली जिनिव्हात जमलेल्या दिव्यांच्या उत्पादकांनी संगनमत करून विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणले होते. दुसरा उपाय अधिक सभ्य दिसतो: वस्तू टिकू द्यावी, पण दुरुस्त होऊ देऊ नये. पूर्वी लॅपटॉपचा कळफलक चार स्क्रू काढले की हाती येई. आता अनेक मॉडेलांत तो वरच्या आवरणाला रिव्हेटांनी ठोकलेला असतो. एक कळ बिघडली तर सारे आवरण बदला! आमच्या मळ्यातले ऑइल इंजिन गावचा फिटर झाडाखाली बसून खोलत असे. त्या फिटरचा नातू आज कोपरगावच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. त्याचे हात आजोबांहून कमी कुशल नाहीत. पण त्याला नकाशा मिळत नाही, सुटा भाग मिळत नाही, आणि खोललेच तर 'वॉरंटी रद्द'. आजोबांच्या ताब्यात जे ज्ञान होते ते नातवाच्या हातून काढून घेतले गेले. यालाच प्रगती म्हणावयाचे काय?

मुक्त प्रणालीचा जन्मच या अपहाराच्या विरोधातून झाला. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन यांना प्रयोगशाळेतील एका प्रिंटरची आज्ञावली सुधारावयाची होती. ती देण्यास नकार मिळाला. १९८३ साली त्यांनी मुक्त प्रणालीची घोषणा केली, आणि १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवे असलेले कर्नेल लिहिले. हे कोणा दात्याने घातलेले अन्नछत्र नव्हे. वापरा, वाचा, बदला, वाटा, या चार हक्कांची ती सनद आहे. तिला 'फुकट' म्हणणे म्हणजे मताधिकाराला 'फुकट' म्हणण्यासारखे आहे.

नगर जिल्ह्यातील माणसाला हे नव्याने सांगण्याची गरज पडावी याचा मला विषाद वाटतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरेकाठी ऊस उत्पादकांच्या मालकीचा कारखाना उभा केला, तेव्हा शहाण्यांनी हेच विचारले होते: शेतकरी कारखाना चालवील काय? त्याने चालविला. पण पुढचे सत्यही आपण जाणतो. जेथे सभासदाने ताळेबंद वाचणे सोडले, सभेत प्रश्न विचारणे सोडले, तेथे मालकी कागदावर राहिली आणि सत्ता मूठभर घराण्यांकडे गेली. मुक्त प्रणालीलाही हा धोका आहे. लिनक्सचे कर्नेल लिहिणाऱ्यांपैकी बहुसंख्य आज बड्या कंपन्यांच्या पगारावर आहेत. वाचण्याचा हक्क आहे, पण वाचणारा नाही, अशी स्थिती झाली तर सनद शोभेची वस्तू होईल. म्हणून आमचा आग्रह केवळ लिनक्सचा नाही. वाचणाऱ्या, तपासणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या माणसाचा आहे.

थोडे आत्मपरीक्षणही करू. संगणक आला तेव्हा आपल्या कामगार संघटनांनी नोकऱ्यांच्या काळजीने त्याला विरोध केला. १९८३ साली बँकांतील यांत्रिकीकरणावर करार झाला. ती काळजी खोटी नव्हती. परंतु यंत्र यावे की नाही यावर आपण भांडलो. आलेल्या यंत्राचे ज्ञान कोणाचे, हा प्रश्न आपण विचारलाच नाही. वस्तुतः लोहियांनी १९५२ साली पचमढीला छोट्या यंत्राचा विचार मांडला होता: यंत्र असे हवे की सामान्य माणसाच्या आवाक्यात राहील. तो धागा आपण सोडला आणि बाजाराने यंत्र आपल्या अटींवर घरात आणले.

त्या अटींचे फळ समोर आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार संपला. पुढच्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी असंख्य धडधाकट यंत्रे एका तारखेने 'जुनी' ठरली. त्यांच्या कळा चालतात, पडदे चालतात; फक्त मालकाची मर्जी संपली. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त प्रणाली रुजवून दाखविली. आपल्याच सी-डॅकने बॉस नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली. लिनक्सवर मराठी इनस्क्रिप्ट कळफलक वेगळा पैसा न मोजता मिळतो. मग महाराष्ट्राने स्वस्थ का बसावे? केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि एक संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे! युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला. आपल्याकडे मात्र ग्राहकाला दूरध्वनी क्रमांकांची यादी दाखवून समाधान मानावे लागते.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सुटे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिका रास्त दराने खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचे बंधन उत्पादकांवर कायद्याने घाला. वेगळी प्रणाली घातली एवढ्याच कारणाने यंत्राची हमी नाकारणे बेकायदा ठरवा. सार्वजनिक पैशाने शाळा आणि वाचनालयांसाठी घेतलेले यंत्र मुक्त प्रणालीवर चालते, हे खरेदीपूर्वी तपासा. यातली एकही मागणी क्रांतीची वाट पाहणारी नाही.

आणि मागण्यांबरोबर काम हवे. प्रत्येक तालुक्याच्या कार्यालयात एक यूएसबी कळफलक, लिनक्स भरलेला एक पेनड्राइव्ह आणि बिघाड कोठे अडला हे क्रमाने शोधू शकणारे दोन तरुण असावेत. आमच्या वाचनालयात ही सुरुवात झाली आहे. ज्या दोघी त्या दिवशी अर्ज भरण्यासाठी आल्या होत्या, त्यांपैकी एक मागे थांबली आणि ग्रबच्या पडद्यापुढे तिने मला विचारले, "सर, कळफलक इथे चालतो, मग आत का नाही?" सर्व्हिस सेंटरला न सुचलेला आणि आमच्या कार्यकर्त्याने टाळलेला तोच एक प्रश्न होता. आता दर रविवारी ती येते, आणि दोष कळविणारे पत्र तिनेच लिहावयास घेतले आहे, त्याच कळफलकावर.