कागदी सुरक्षेचे बळी

व्यवसायसुरक्षेची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि उद्योगस्नेही सुधारणा म्हणून तिचा गवगवा झाला. त्या जल्लोषात आम्ही सामील होऊ शकत नाही. विजेवर चालणाऱ्या शेडला कारखाना ठरवणारी कामगारसंख्या दहावरून वीसवर गेली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांनाही अडीचशे कामगारांपासूनच. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या किती शेडमध्ये अडीचशे कामगार असतात?

त्या डोंबिवलीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन बारा जण गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याचा निर्णय झाला. कारखाने जागचे हलले नाहीत. २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत रिअॅक्टर फुटला, तेव्हा मृतदेहांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. शेजारच्या कारखान्यांचीही नासधूस झाली, त्यांतल्या कामगारांची रोजी बुडाली. धोका कुठे आहे हे सरकारला पक्के ठाऊक होते. नुसते ठाऊक असून कोणाचा जीव वाचत नाही.

भोपाळनेही हेच सांगितले होते. युनियन कार्बाइडच्या स्वतःच्याच अमेरिकी तज्ज्ञांनी मे १९८२ मध्ये त्या प्रकल्पातल्या गंभीर त्रुटी लिहून दिल्या होत्या. डिसेंबर १९८४ मध्ये विषारी वायू गळला त्या रात्री टाकीची शीतकरण यंत्रणा बंदच होती. ऑडिट झाले, अहवाल आला, हजारो माणसे मेली.

आज कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फेरी मारा. फायलीत मॉक ड्रिलचे फोटो आहेत, सल्लागाराच्या सहीशिक्क्याचे जोखीम मूल्यांकन आहे. आणि शेडच्या मागच्या दाराला कुलूप, त्यापुढे रसायनाच्या ड्रमची थप्पी. सल्लागाराचे पैसे मालक देतो. तो त्या कुलपाबद्दल कशाला लिहील? मालकाने स्वतःच दिलेला दाखला म्हणजे तपासणी नव्हे.

लघुउद्योजकांना निरीक्षकांचा जाच नको आहे. लाचखोर निरीक्षक आम्हालाही नको. त्याला हाकला आणि प्रामाणिक माणूस नेमा. तपासणीच मोडीत काढू नका.

कागदी सुरक्षेचा हा रोग कारखान्यांपुरता नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये आगीत दहा अर्भके दगावली. घाटकोपरचे अवाढव्य होर्डिंग मे २०२४ मध्ये कोसळून सतरा जणांचा जीव गेला. ते होर्डिंग काही एका रात्रीत उभे राहिले नव्हते. दर वेळी चौकशी समिती, काही लाखांची मदत, आणि पुढच्या दुर्घटनेपर्यंत शांतता.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक धोकादायक जागेची तपासणी मालकाच्या पैशावर न जगणाऱ्या यंत्रणेने प्रत्यक्ष जाऊन करावी. अहवाल मराठीत गेटवर लावावा. आत काय साठवले आहे हे कामगाराला आणि पलीकडच्या वस्तीला कळलेच पाहिजे. त्रुटी मुदतीत दुरुस्त झाली नाही तर वीज तोडावी. आणि स्फोट झालाच, तर मालकासोबत खोट्या अहवालावर सही करणाऱ्यालाही आरोपी करावे. एवढे होत नसेल, तर कामगारांच्या सुरक्षिततेच्या गप्पा सरकारने बंद कराव्यात.