बैठकीखालचे पाणी

होडीतील खुर्ची डुगडुगू लागली, की बहुतेकजण तिचे स्क्रू पिळतात. पिळूनही स्क्रू नुसता फिरतच राहिला, तर त्याच भोकात त्याहून जाड स्क्रू घालतात. आम्हीही हेच करीत आलो होतो आणि त्यात काही गैर आहे, अशी शंकासुद्धा आम्हांस कधी आली नव्हती. गेल्या दिवाळीनंतर घडलेल्या एका प्रसंगाने आमची ही समजूत पार पुसून टाकली. तो प्रसंग आणि त्यातून मिळालेला धडा आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मांडवीच्या पात्रातील चोडण बेटावर आमचे एक स्नेही राहतात. नातवंडांना पाण्यातून फिरविण्यासाठी त्यांनी फायबरची एक लहानशी होडी ठेवली आहे. तिच्यात चालकाची खुर्ची एका पेटीवर बसविलेली असून, पेटीचे झाकण म्हणजे वरखाली फायबरचा पातळ थर आणि मध्ये प्लायवूड. ही खुर्ची दोन वर्षे हलत होती. पहिल्या वर्षी जाड स्क्रू आले, दुसऱ्या वर्षी भोकांत लांबी भरून वर रंग चढला. त्या संध्याकाळी होडी थांबवून वहिनींना कौतुकाने त्या खुर्चीवर बसविले. त्या मागे रेलल्या मात्र, खुर्ची तळच्या पत्र्यासकट उखडून कलंडली. थोरल्या नातवाने आजीचा हात धरला म्हणून मनगट मुरगळण्यावर भागले. खाली दोन पुरुष पाणी होते आणि वहिनींना पोहता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्तांना बोलाविले. आम्हीही तेथे होतो. त्यांनी पटाशीच्या मुठीने पेटीचे झाकण ठोकून पाहिले. कडेला टणक आवाज येई, खुर्चीच्या जागी बद्द. मग त्यांनी कडेची दोन बोटे जागा सोडून वरचा थर चौकोनी कापून काढला. आतले प्लायवूड चहाच्या चोथ्यासारखे हातात आले.

"भाऊ, दुखणे खाली आणि औषध वर, असे चालले होते तुमचे," मेस्त म्हणाले. आमच्या स्नेह्यांनी मान खाली घातली. आम्हीही घातली, कारण जाड स्क्रूचा सल्ला आमचाच होता.

कारण अगदी साधे आहे. स्क्रूचे भोक फायबरच्या थरातून थेट लाकडात उतरते. त्या भोकात काही भरलेले नसले, तर प्रत्येक पावसाचे आणि प्रत्येक धुण्याचे पाणी तेथून आत जाते. दोन थरांमध्ये कोंडल्यामुळे बाहेर मात्र येत नाही. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या वर राहिला, की बुरशीचा धोका सुरू होतो. जाड स्क्रूने पाण्याचा दरवाजा तेवढा मोठा होतो. शिवाय खुर्ची म्हणजे एक तरफच. ती दीड फूट उंच आणि तिचा तळ अर्धा फूट रुंद असला, तर पाठीवरच्या २० किलोच्या रेट्याने पुढच्या स्क्रूंवर ६० किलोंपर्यंत ओढ पडू शकते. कुजलेले लाकूड ती कशी सोसणार?

वस्तुतः लाकूड आणि फायबर यांचे काही वैर नाही. शेजारच्याच दिवाडी बेटावर बांधलेली आणि २००९ साली नौदलात दाखल झालेली 'म्हादेई' ही शिडाची नौका लाकूड व फायबर यांचीच आहे. तिच्यातूनच कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. लाकूड नीट बंदिस्त केले, तर ते सातासमुद्रांपार टिकते. एक भोक उघडे राहिले, तर घरच्या धक्क्याला बांधल्याबांधल्या कुजते.

मेस्तांनी केलेली दुरुस्ती अशी. सडलेले लाकूड निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून काढले आणि पेटी उघडी ठेवून वाऱ्यावर वाळविली. चार दिवसांनी पाहुणे येणार होते, म्हणून स्नेह्यांची घाई चालली होती. मेस्तांनी रात्री त्या जागेवर प्लॅस्टिकचा कागद कडेने चिकटवून ठेवला. सकाळी त्याच्या आत दव जमलेले दिसले. "अजून नाही," एवढेच ते म्हणाले. कागद कोरडा निघायला दहा दिवस लागले. पाहुणे फेरीबोटीने आले आणि गेले. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणून ही कामे तेव्हाच उरकावीत असे वाटते. परंतु दमट हवेत लाकूड वाळत नाही आणि रेझीनही नीट धरत नाही. नोव्हेंबर ते मे हाच याचा हंगाम.

पुढे जुना फायबर आधी ॲसिटोनने पुसला आणि मगच घासला. उलट केल्यास मेण व तेल आत घासले जाते. आयएस ७१० छापाचे मरीन प्लायवूड मापाने कापून त्याच्या दोन्ही बाजूंना व विशेषतः कडांना इपॉक्सी लावली. दाट इपॉक्सीत ते बसवून वर वजन ठेवले. कापलेला थर परत बसविताना सांध्याच्या दोन्ही बाजूंस जाडीच्या बारापट उतार घासला, म्हणजे ३ मिलिमीटरला ३६ मिलिमीटर, आणि त्यावर काचकापडाचे थर चढविले. हार्डनर कारखान्याने दिलेल्या प्रमाणातच घालावा. इपॉक्सीत तो जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, बिघडते. नाकातोंडावर मुखवटा व हातांत मोजे हवेतच.

शेवटी भोके. प्रत्येक भोक आधी बोल्टपेक्षा मोठे पाडले, दाट इपॉक्सीने भरले, आणि ती कडक झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टच्या मापाचे नवे भोक पाडले. त्यामुळे बोल्टभोवती इपॉक्सीचे कडे राहिले. पाण्याला लाकूड दिसतच नाही. स्क्रू टाकून दिले. त्यांच्या जागी ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे आरपार बोल्ट आले आणि झाकणाखाली खुर्चीच्या तळाहून मोठा पत्रा दिला, म्हणजे ओढ सगळ्या झाकणावर वाटली जाईल. पेटीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी एक वाटही ठेवली.

ज्यांच्या घरी होडी आहे, त्यांनी वर्षातून एकदा सर्व बैठका ठोकून पाहाव्यात. बद्द आवाज आला, तर उघडून पाहीपर्यंत तेथे कोणासही बसवू नये, मुलांना तर मुळीच नाही.

नव्या खुर्चीवर प्रथम मेस्त स्वतः बसले आणि चांगले मागेपुढे हेलकावले. मग वहिनी बसल्या. नातवाने मात्र त्यांचा हात धरूनच ठेवला होता आणि त्याला तो सोड असे कोणीही म्हणाले नाही.