आमच्या दाराला कडी कुणाची?

मागच्या महिन्यात आईचे गुडघे धरले. म्हणाली, रेशनला तू जा. गेलो. मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. परत लाल. दुकानदार म्हणाला, "तू तू नाहीस!" रांग हसली. मीपण हसलो. रडून काय गहू मिळतो?

गोदीत रस्सी ओढून, गोणी फिरवून बोटांवरच्या रेषा कधीच पुसल्यात. ज्या हातानं या देशाचा माल चढवला-उतरवला, त्या हाताला देशाचं मशीन ओळखत नाही. आणि त्याच देशाला माझा अंगठा, माझे डोळे, माझा फोन, सगळं पाहिजे.

रात्री मंडळात हा विषय निघाला. एक दोस्त उसळला. "प्रायव्हसी हे मलबार हिलचं खूळ आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं झोपतात, त्यांना कसला खासगीपणा? आपल्याला भाकर पाहिजे, जमीन पाहिजे. कडी-कुलूप शेठजींना लागतं."

दोस्तांनो, दोन वर्षांपूर्वी मीही हेच बोललो असतो. आज बोलणार नाही. का ते सांगतो.

एका रात्री तीनच्या सुमाराला वस्तीत कोंबिंग आलं. कुठं तरी चोरी झाली होती, म्हणून आमच्या पत्र्यांवर दांडके. बाया होत्या त्या कपड्यात उभ्या. आमची पेटी उपडी केली. बहिणीची सर्टिफिकेटं, आईचं एकुलतं लुगडं, आणि माझी वही. हवालदारानं बॅटरी धरून माझी कविता मोठ्यानं वाचली. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "कवी हाय का रं तू?" आणि हसला. चोरी काही सापडली नाही. पण त्यानंतर दोन महिने मला एक ओळ सुचली नाही. लिहायला बसलो की वाटायचं, खांद्यावरून कुणी तरी बॅटरी मारतंय.

त्यानं माझ्या घरातून काहीच नेलं नाही. तरी काय गेलं? त्या गेलेल्या गोष्टीचं नाव मी शोधत होतो. कोर्ट तिला प्रायव्हसी म्हणतं.

आता कोर्टाचा इतिहास बघा, मजेशीर आहे. 1954 साली दालमिया समूहातल्या एका कंपनीच्या कागदपत्रांच्या झडतीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. आठ न्यायमूर्ती म्हणाले, झडतीविरुद्ध असा हक्क आपल्या घटनेत लिहिलेला नाही. ते होते शेठजींचे कागद. पण 1962 साली आला खरकसिंग. उत्तर प्रदेशातला माणूस. दरोड्याच्या गुन्ह्यात पुरावा नाही म्हणून सुटलेला. तरी पोलिसांनी त्याच्या नावाची फाईल उघडली. रात्री-अपरात्री चौकीदार न् शिपाई त्याच्या दारावर थापा मारायचे, आहेस का म्हणून. सहा न्यायमूर्तींनी रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण बहुमतानं तेच सांगितलं : घटनेत प्रायव्हसीचा हक्क नाही. म्हणजे दार वाजवू नका, पण दाराच्या आतलं माझं आहे असं मात्र म्हणायचं नाही! न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळं मत दिलं. शब्द लिहिलेला नसला तरी हा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असं ते म्हणाले.

खरकसिंगची फाईल आपल्याला नवी नाही. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. हजेरी द्या, परवान्याशिवाय गाव सोडू नका. तो कायदा 1952 ला गेला. पारध्याच्या पालावर पडणारी पोलिसाची पहिली नजर गेली का? 2024 साली सर्वोच्च न्यायालयालाच सांगावं लागलं की मागास जमातींच्या निरपराध माणसांची नावं अशा पोलिसी फायलींत यांत्रिकपणे घालू नका.

पुढं आधारचा खटला चालला. 2015 साली सरकारचे ॲटर्नी जनरल कोर्टात म्हणाले, 1954 आणि 1962 चे निकाल बघा, प्रायव्हसी हा मूलभूत हक्क नाहीच. 2017 साली तर असाही सूर लागला की ही चैन मूठभरांची, गरिबाला आधी अन्न. म्हणजे माझ्या दोस्ताचं वाक्य सरकारच्या तोंडी! दोस्ता, इथं जरा थांब आणि विचार कर. आपलं वाक्य सरकार का बोलतंय? 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला : कलम 21 मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कात प्रायव्हसी आहे. गरिबाला तिची गरज नाही, हे म्हणणं त्यांनी फेटाळलं.

कुणी म्हणेल, हा जजसाहेबांनी मागून चिकटवलेला हक्क. नाही. 1947 साली बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं, त्यात माणसाचं शरीर, घर, कागद आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलं. त्याच धर्तीची दुरुस्ती काझी सय्यद करीमुद्दीन यांनी डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत आणली. बाबासाहेब ती स्वीकारायला तयार होते. असा हक्क विधिमंडळाच्या हाताबाहेर असलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. अखेर ती घटनेत आली नाही. पण ज्याला शाळेत वेगळं बसवलं, ज्याला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही, त्या माणसाला दाराची किंमत कळली होती. मलबार हिलवरून नव्हे.

आणि हंडी? 1995 चा गोवंश हत्याबंदीचा सुधारणा कायदा 2015 साली महाराष्ट्रात लागू झाला. परराज्यातून आणलेलं मांस घरात ठेवणंही गुन्हा. 6 मे 2016 ला मुंबई उच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं. आपल्या घरात काय खावं हा माणसाच्या खासगी जगण्याचा भाग आहे, या आधारावर. माझ्या आजीच्या चुलीवर काय शिजायचं यावरून गावानं तिची जात मोजली. आता हंडीचं झाकण उचलायला सरकारला कारण द्यावं लागेल, हे मला लहान वाटत नाही.

पण थांबा. टाळ्या वाजवू नका. या तलवारीला दुसरी धार आहे.

'आमचं घर, आमची मर्जी' म्हणून खोली नाकारणाराही खासगीपणाच पुढं करतो. बायकोला मारणारा म्हणतो, घरची बाब आहे. 2020 साली उत्तराखंडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी साक्षीला नसताना जातीवरून केलेला अपमान ॲट्रॉसिटीच्या त्या कलमात बसत नाही, कारण तो 'लोकांच्या नजरेसमोर' झालेला नाही. म्हणजे दार लावून महारडा म्हणा! आणि 2023 च्या डेटा कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम बदलून 'वैयक्तिक माहिती' म्हणत साहेबाची फाईल झाकायचा रस्ता रुंद केला. त्याच कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोयही ठेवली. साहेबाला पडदा, आम्हाला बॅटरी.

म्हणून नीट समजून घ्या. हक्क भिंतीचा नाही, माणसाचा आहे. भिंतीआड जो दुबळा आहे, त्याचा आधी. घटनेचं कलम 17 सरकारपुरतं थांबत नाही, ते सवर्णाच्या उंबऱ्याच्या आतही जातं. कलम 21 पोलिसाला माझ्या उंबऱ्यावर अडवतं. ही दोन कलमं एकमेकांची वैरी नाहीत. एकाच माणसाची राखण करतात.

आणि भाकर? 2018 च्या निकालानं खासगी कंपन्यांना आधार मागायला मनाई केली, पण रेशनच्या दारात अंगठा ठेवलाच. भाकर पाहिजे तर शरीर गहाण टाक, हा सौदा गरिबाशीच होतो. म्हणून भाकर की खासगीपणा, हा प्रश्नच खोटा आहे. तो विचारणाऱ्याकडं दोन्ही असतं.

वस्तीत पोलीस आले तर वॉरंट विचारा. अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारलं तर लेखी मागा. एकट्यानं नाही, गल्ली घेऊन. निकाल दिल्लीत लागतो, कडी आपल्या दाराला आपणच लावायची असते.

मी परत लिहायला लागलोय. वही पेटीत ठेवत नाही आता. उशाला ठेवतो.

जयभीम.