नर बदला, कळप बदलू नका



मृगाचा पाऊस पडला की आपल्या भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात बोड्या भरू लागतात, पऱ्हे टाकले जातात आणि पंचायत समितीच्या आवारात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "साहेब, यंदा बदकं येणार का वाटायला?"

प्रश्न चुकीचा नाही. धान, तलाव आणि बोडी जिथे आहे तिथे बदक शोभतं. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधून ठेवलेले तलाव आजही आपल्या गावांना पाणी पाजतात. त्या पाण्याच्या कडेला गोगलगाई, किडे, शेवाळ आणि बांधीत सांडलेला धान असं बदकाचं निम्मं खाद्य फुकट पडून असतं. सांदवाडीत पाच-सात बदकं असली तर घरातल्या लेकरांना अंडी मिळतात आणि बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीचा खर्च निघतो. तो पैसाही बहुधा घरच्या बाईच्या हातात राहतो. म्हणून बदकं पाळा, असंच मी सांगणार आहे. पण वाटपाच्या पेटीकडे डोळे लावून बसण्याआधी एक हकिगत ऐका. त्या हकिगतीत माझीही चूक आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी एका गावात एका योजनेतून सुधारित जातीची बदकं वाटली गेली. लाभार्थ्यांची यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं. त्यात एक मावशी होत्या. त्यांच्याकडे आधीपासून आठ गावठी बदकं होती. बारीक अंगाची, करड्या-तपकिरी रंगाची, अंडी बेताची देणारी. नवी बदकं आली, मोठी झाली आणि टोपली भरून अंडी देऊ लागली. मावशी खूश, आम्हीही खूश. "आता ही जुनी कशाला ठेवता?" असं त्यांना सांगणाऱ्यांत मीही होतो. त्यांनी जुनी बदकं एकेक करून विकली, काही खाल्ली. मी अहवालात "योजना यशस्वी" असं लिहिलं आणि पुढच्या गावाला गेलो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याच वाटेने जाताना मावशींनी हाक मारली. म्हणाल्या, "अंडे त लय देते जी साहेब, पण बसाले कोनीच तयार नाई." काही बदकं कुत्र्यांनी नेली होती, काही रानमांजराने. उरलेली अंडी देत होती, पण एकही खुडूक होत नव्हतं. घरात कोंबडी नव्हती, गावात उबवणी यंत्र नव्हतं. तिसऱ्या पावसाळ्यात खुराडं रिकामं झालं. आधी आठ बदकं होती, योजनेनंतर एकही राहिलं नाही. माझ्या अहवालात मात्र ती योजना आजही यशस्वीच आहे.

बदकांना रोग झाला नव्हता आणि मावशींचा निष्काळजीपणाही नव्हता. आम्ही दिलेल्या जातीचा तो स्वभावच होता आणि तो आम्ही सांगितला नव्हता.

खाकी कॅम्पबेल म्हणजे काय?

अंड्यांसाठी आपल्याकडे जी जात मुख्यत्वे दिली जाते ती खाकी कॅम्पबेल. इंग्लंडमधल्या ग्लूस्टरशायर परगण्यात ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात तयार केली. त्यासाठी त्यांनी उभ्या चालीचं रनर बदक, अंगाने भरदार रुआँ बदक आणि रानटी मॅलार्ड यांचा संकर केला. म्हणजे ही नावाजलेली जात मुळात संकरातूनच निघाली. तेव्हा संकर वाईट असं कुणी समजू नये. पण ही जात घडवताना सगळी निवड अंड्यांसाठी झाली. चांगली निगा आणि पुरेसं खाद्य मिळालं तर हे बदक वर्षाला पावणेतीनशे-तीनशे अंडी देतं. आपल्या चराईवरच्या गावठी बदकाकडून शंभराच्या आसपास अंडी मिळतात. मात्र जे बदक खुडूक होतं ते तेवढे दिवस अंडी देत नाही. म्हणून जास्त अंडी देणारी बदकं निवडत गेलं की खुडूक बसण्याचा गुण हळूहळू निघून जातो. फार्मवर यंत्र असतं, त्यांचं काही बिघडत नाही. सांदवाडीत मात्र खुडूक बसणारं बदक हेच आपलं यंत्र. वनराजासारख्या सुधारित कोंबड्या पाळणाऱ्यांना हा अनुभव आलेलाच आहे.

संकर कुठवर करायचा?

माझं म्हणणं थोडक्यात असं : सुधारित बदकांचा अख्खा कळप घरी आणू नका. सुधारित नर आणा आणि गावठी माद्या जपा.

सहा-सात गावठी माद्यांत एक खाकी कॅम्पबेल नर पुरतो. नर जास्त झाले तर माद्यांना त्रास होतो आणि खाद्यही वाया जातं. या जोडीतून जी पिल्लं होतील त्यांतल्या माद्या आयांपेक्षा जास्त अंडी देतात आणि बाहेर चरण्याचा काटकपणाही बराच टिकवतात. या माद्या अंड्यांसाठी ठेवा. संकरित नर मात्र पैदाशीला ठेवू नका, बाजारात पाठवा. संकरित धानाचं किंवा कपाशीचं घरचं बी आपण पुढच्या वर्षी पेरत नाही. पेरलं तर एक झाड उंच, एक ठेंगणं असं होतं. संकरित नर आणि संकरित मादीच्या पिल्लांचंही तसंच. काही चांगली, काही अगदी टाकाऊ, भरवसा कशाचाच नाही.

दरवर्षी चांगली संकरित पिल्लं हवी असतील तर दरवर्षी शुद्ध गावठी मादी लागणार. ती संपली की सगळंच संपलं. म्हणून गावठी माद्या आणि एक गावठी नर हे बियाणं समजून वेगळं राखा. एका घरात दोन कळप सांभाळणं कठीण जातं, हे मला कळतं. त्यावर उपाय म्हणजे दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून ठरवायचं. एका घरी खाकी नर, दुसऱ्या घरी गावठी नर. नर बदलल्यावर निदान तीन आठवडे अंडी उबवायला ठेवू नका, खाऊन टाका. जुन्या नराचं बीज मादीच्या पोटात काही दिवस टिकतं आणि पिल्लं कोणाची हे कळत नाही. शिवाय दर वर्षा-दोन वर्षांनी नराची दुसऱ्या गावाशी अदलाबदल करा. बापाचा लेकीशी, भावाचा बहिणीशी संकर होत राहिला तर अंड्यांतून पिल्लं कमी निघतात आणि निघालेली कमजोर होतात.

नर-मादी ओळखणं सोपं आहे. मोठ्या झालेल्या नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली असतात आणि त्याचा आवाज घोगरा असतो. मोठ्याने क्वॅक-क्वॅक ओरडते ती मादी.

एक इशारा. चोचीच्या मुळाशी आणि डोळ्यांभोवती लाल मांसल पुरळ असणारं जड बदक, म्हणजे मस्कोव्ही, बाजारात कधी कधी दिसतं. आपली बाकीची सगळी पाळीव बदकं मॅलार्डच्या कुळातली, मस्कोव्ही दक्षिण अमेरिकेतल्या वेगळ्या कुळातलं. त्यांचा संकर होतो, पण पिल्लं खेचरासारखी वांझ निघतात. मांसासाठी चालतील, कळप वाढवायला नाही. मस्कोव्ही नर कळपात शिरू देऊ नका. मस्कोव्ही मादी मात्र फार चांगली खुडूक बसते. ती मिळाली तर तिच्या खाली गावठी अंडी ठेवा. पांढरं पेकिन हे मांसाचं बदक. त्याला भरपूर खाद्य लागतं आणि जड अंगामुळे दिवसभर बांधी फिरून पोट भरणं त्याला जमत नाही.

रोजची निगा

उबवायला गावठी कोंबडीही चालते. तिच्या अंगाखाली बदकाची आठ-नऊ अंडी मावतात. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत आणि मस्कोव्हीची सुमारे ३५ दिवसांत. तेव्हा कोंबडी आठवडाभर जास्त बसणार आहे हे ध्यानात ठेवून तिचं दाणा-पाणी जवळ ठेवा. शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचा हलका शिपका द्या. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडापुढे अंडं धरून पाहा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ते फळलं, नाही तर काढून टाका. कोंबडीने काढलेल्या पिल्लांच्या अंगाला बदक-आईच्या पिसांचं तेल लागत नाही. ती लवकर भिजतात आणि गारठून मरतात. म्हणून तीन-चार आठवडे त्यांना बोडीत सोडू नका.

बदकाला पोहायला तळं लागतंच असं नाही. प्यायचं पाणी मात्र चोच आणि डोकं बुडेल इतकं, वीतभर खोल हवं. बहुतेक बदकं सकाळी ९ वाजायच्या आत अंडी देतात. ज्यांनी पहाटेच खुराडं उघडलं त्यांची अंडी बोडीच्या चिखलात गेली. "आमची बदकं अंडीच देत नाहीत" ही तक्रार आली की मी आधी खुराडं किती वाजता उघडता ते विचारतो.

कोंडा, कणी, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं चालेल. बुरशी लागलेला मका किंवा भुईमुगाची पेंड अजिबात नको. बुरशीचं विष कोंबडीपेक्षा बदकाला फार लवकर मारतं. धान रोवल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, रोप पक्कं झालं की बदकं बांधीत सोडता येतात. ती किडे आणि तण खातात. लोंबी निघू लागली की बाहेर काढा. आणि फवारणी झालेल्या बांधीत, मग ती शेजाऱ्याची का असेना, जाऊ देऊ नका.

मी शेतीची पदविका घेतलेला माणूस. औषध-पाण्याचं पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारा. दोन लसी मात्र लक्षात ठेवा : पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की कॉलऱ्याची आणि ८ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान बदकाच्या प्लेगची. बर्ड फ्लूचं भयही खोटं नाही. २००६ साली नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्याला काय झालं ते आपण वाचलं आहे. २०१४ मध्ये केरळच्या कुट्टनाडात तर बदकांचेच कळप नष्ट करावे लागले. बदक वरून ठणठणीत दिसत असतानाही हा रोग वाहून आणू शकतं. बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात कोंडू नका आणि पक्षी एकाएकी मरू लागले तर लपवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.

ग्रामपंचायतीला दोन शब्द

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना माझी विनंती आहे. गावात पिल्लांची पेटी उतरण्याआधी गावातली गावठी बदकं मोजा. कोणाच्या घरी किती माद्या, त्यांतल्या किती खुडूक बसतात, एवढं एका वहीच्या पानावर मावतं. मग ग्रामसभेत ठरवून मागणी करा की आम्हाला प्रत्येक घरी पेटीभर पिल्लं नकोत. सात-आठ घरांमागे एक चांगला नर द्या आणि उरलेला पैसा जाळीच्या खुराड्यांसाठी द्या. रानमांजर आणि कुत्रं यांनी जितकी बदकं नेली तितकी रोगानेही नेली नसतील. मागणी मान्य होईलच असं मी म्हणत नाही. पण गावाने मागितल्याशिवाय वरून काही बदलत नाही, हे मी नोकरीत शिकलो.

तलाव मत्स्य संस्थेच्या ठेक्यात असेल तर आधी त्यांच्याशी बोला. बदकांच्या विष्ठेने पाणी सकस होतं, माशांना फायदा मिळतो. पण नुकतीच सोडलेली बोटुकली बदकं गिळतात. मासे चार बोटांहून मोठे होईपर्यंत त्या पाण्यात बदकं सोडायची नाहीत, एवढा करार झाला तर धीवर बांधव आणि बदकवाले यांच्यात भांडण होणार नाही.

आणि आम्हा अधिकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. किती पिल्लं वाटली, हा रकाना भरण्यात अर्थ नाही. तीन वर्षांनी किती खुराडी भरलेली आहेत, हा रकाना अहवालात हवा. तो रकाना त्या वेळी असता तर मला खोटं लिहावं लागलं असतं किंवा मावशींना त्यांची आठ बदकं राखायला सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षी मावशींनी माहेराहून तीन गावठी माद्या आणल्या. खाकी नर शेजारच्या गावातून उसना घेतला. मी त्यांना काहीच सुचवलं नव्हतं. तीनपैकी एक मादी त्यांनी आधीच वेगळी कोंडून ठेवली होती. विचारलं तर म्हणाल्या, "ही बियाची आहे."